यंदा सगळेच कच्चे लिंबू

दोन वर्षं घरात काढलेली मुलं परत शाळेत गेलीयेत. पोर्शन भरून काढायला सगळे तयार आहेत. पण त्यांना खेळायला कोण घेणार?

एक साधं गणित करू. मार्च २०२०मध्ये जे मूल छोट्या गटात होतं ते बुधवारी, १५ जून २०२२ला, दुसरीच्या वर्गात जाऊन बसलं. मधला मोठा गट त्यानं मोबाइलवर केला. पहिलीसुद्धा बरीचशी मोबाइलवरच, कारण पुण्यात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२०मध्ये बंद झाले ते थेट १६ डिसेंबर २०२१ला उघडले. एकवीस महिन्यांनी! तेही तीन आठवडे टिकलं नाही. ओमायक्रॉन आला, जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं, आणि १ फेब्रुवारीपासून अर्धा दिवस शाळा. मग परीक्षा, मग सुट्टी.

म्हणजे या सात वर्षांच्या मुलाला स्क्रीन शेअर कशी करायची हे माहितीये. पण मधल्या सुट्टीत चाळीस जणांच्या कालव्यात दहा मिनिटांत डबा कसा संपवायचा, हे माहीत नाही.

हे सगळं पालकांच्या पुरवणीत छापा, आपल्या पानावर कशाला, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा. आपण अठरा ते पंचवीसमधले. म्हणजे या मुलांचे मावसभाऊ, आत्येबहिणी, वरच्या मजल्यावरची ताई, गणिताचा क्लास घेणारा दादा. आई-बाबांची ऑफिसं परत सुरू झालीयेत. टीचरपुढे दोन वर्षांचा पोर्शन उभा आहे. आजी-आजोबा अजून गर्दीला बिचकतात. संध्याकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये मोकळं कोण सापडतं? आपणच.

तर आधी हे आठवू, की या मुलांना नक्की काय सांगितलं गेलं होतं. २०२०मध्ये अनलॉक सुरू झालं, तेव्हाही केंद्र सरकारच्या सूचना होत्या की गरोदर बायका आणि आजारी माणसांबरोबरच ६५ वर्षांवरच्यांनी आणि १० वर्षांखालच्यांनी घरातच थांबावं. दुकानं उघडली, हॉटेलं उघडली, आपण मास्क लावून एफसी रोडला चक्कर मारून आलो, तरी ही दोन टोकं घरातच. त्यातल्या आजोबांना मार्च २०२१पासून लस मिळाली. आपला नंबर त्याच वर्षी मे महिन्यात लागला. पंधरा ते सतरावाल्यांचा २०२२च्या जानेवारीत, बारा ते चौदावाल्यांचा मार्चमध्ये. बाराच्या खालच्यांचा अजून लागलेलाच नाही.

या मुलांना जरा कळायला लागलं तेव्हापासून घरात ऐकू आलं ते असं: हात लावू नको. जवळ जाऊ नको. लिफ्टचं बटण दाबू नको. बेल वाजली की आत जा. त्यांनी ते मनापासून पाळलं. आता अचानक आपण म्हणतोय, ‘अरे जा ना, मिसळ मुलांमध्ये, किती तो बुजरेपणा!’ माझ्या मते यात बुजरेपणाचा भाग थोडा आणि आज्ञाधारकपणाचा भाग जास्त आहे. नियम बदललाय हे त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नाही. २०२२च्या गुढीपाडव्याला राज्यानं निर्बंध उठवले, मास्क ऐच्छिक झाला, ती बातमी आपण मोठ्यांनी वाचली. दुसरीतल्या मुलासाठी ती बातमी कोणी वेगळी वाचून दाखवली का?

त्यामुळे पहिलं काम बोलण्याचं. स्पष्ट, छोट्या वाक्यांत. आता हात धरून खेळलेलं चालतं. खेळून आल्यावर हात धुवायचे. ताप असेल तर खाली यायचं नाही. एवढंच. जून २०२२मध्ये आकडे पुन्हा थोडे वर जात होते आणि मुलांना हे टीव्हीवर दिसत होतं, म्हणून ‘आता काही नाहीये रे’ असं खोटंही सांगू नये. मुलं पकडतात.

काय काय राहून गेलं

आमची सोसायटी सिंहगड रोडची. चार मजली जुन्या बिल्डिंगा, मधे पार्किंग, पाण्याच्या टाकीशेजारी थोडी मोकळी जागा. गेला महिनाभर इंटर्नशिपवरून परत आल्यावर मी तिथे बसतेय आणि नोंदी करतेय. पाच ते चौदा वयाची पंधराएक मुलं आहेत.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की खेळात शिरायचं कसं हे लहान मुलांना येतच नाही. एक जण रोज टाकीपाशी येऊन उभा राहतो. पाच मिनिटं बघतो, मग वर जाऊन आईला सांगतो की मला कोणी घेत नाही. त्यानं विचारलेलंच नसतं! ‘मला घेता का?’ हे तीन शब्द. आपण ते शंभर वेळा विचारले, पन्नास वेळा ‘नाही’ ऐकलं, रडलो, दुसऱ्या दिवशी परत विचारले. ही प्रॅक्टिस त्याची झालेलीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ मधेच सोडून जाणं. तिसरीतली एक मुलगी आउट झाली की कोणाला काही न बोलता जिना चढून घरी निघून जाते. रागावून जाते असंही नाही. मीटिंग लीव्ह करतात तशी जाते. ऑनलाइन वर्गात कंटाळा आला की हेच चालायचं, आणि मोबाइलवरच्या गेममध्ये तर रीस्टार्टचं बटण आपल्याच हातात. राज्य आलं की ते झेपेपर्यंत घ्यावं लागतं, हा प्रकार तिला नवीन आहे.

आवाजाचंही गमतीशीर आहे. काही जण कुजबुजतात, काही जण नुसते किंचाळतात, मधलं काही नाही. एक तर बोलायच्या आधी हात वर करतो. लपंडावात! आणि ही मुलं एकमेकांवर आदळतात फार. समोरून कोणी धावत येतंय, आपण किती बाजूला व्हायचं, हा अंदाज घरातल्या हॉलमध्ये येत नाही.

मोठ्या मुलांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते कोणाला दिसत नाही. माझा मामेभाऊ यंदा नववीत गेला. वर्गातल्या मुलांनी त्याला बिनमास्कचं शेवटचं पाहिलं ते सहावीत. मधल्या काळात त्याला मिसरूड फुटली, पिंपल्स आले, आवाज फुटला, आणि हे सगळं कॅमेरा ऑफ ठेवून झालं. आठवीत ऑक्टोबरपासून तो शाळेत गेला तो मास्क लावून. आता मास्क काढायला हरकत नाही, पण हा काढत नाही. घरचे म्हणतात, किती जबाबदार मुलगा. त्यानं मला एकदाच सांगितलं, की चेहऱ्याचा खालचा भाग कोणी पाहिलेलाच नाही, हसतील. आपल्यापैकी कोणाला ही लाज समजणार नाही? पण मग ती समजल्याचं त्याला सांगायलाही आपणच हवं. चाळीस वर्षांच्या बाबांनी ‘काढ तो मास्क’ म्हटल्यानं ते होत नाही. मी त्याला माझा नववीतला फोटो दाखवला. तो इथे छापणार नाही.

पूल कशावर बांधायचा

‘लर्निंग लॉस’ हा शब्द २०२२मध्ये सगळीकडे होता आणि तो खोटा नाही. ‘असर’च्या २०२१च्या अहवालानुसार देशात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर गेलं. ऐकायला छान वाटतं. पण घरात फोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन बाबांबरोबर कामावर जायचा. कुमठेकर रस्त्यावरच्या आपल्या एससीईआरटीनं २०२१मध्ये १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला तो मागच्या इयत्तेतलं राहिलेलं भरून काढायला. चांगलं काम होतं. २०२२मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान झालं, त्याच्या मेळाव्यांत भाषा आणि गणनपूर्व तयारीच्या टेबलांबरोबर सामाजिक-भावनिक विकासाचंही एक टेबल होतं. हे वाचून मला बरं वाटलं.

पण घरोघरी चित्र काय आहे? जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार क्लासच्या जाहिराती आल्या. हँडरायटिंग, अबॅकस, फोनिक्स, ‘गॅप फिलिंग बॅच’. साडेतीनला शाळा, पाचला क्लास, सातला दुसरा क्लास. मूल माणसांत आलं असं वाटतं, पण ते फक्त एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलेलं असतं. आणि दोन्हीकडे पहिल्या आठवड्यातच चाचणी.

इथे मला आपल्या लहानपणीचा कच्चा लिंबू आठवतो.

लपंडाव, विषामृत, साखळी, डबा ऐसपैस, कुठलाही खेळ घ्या. कोणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागून यायचाच. त्याला हाकलता यायचं नाही, कारण आई गॅलरीत. आणि खेळवता यायचं नाही, कारण त्याला काही कळायचं नाही. मग मोठी मुलं जाहीर करायची, ‘हा कच्चा लिंबू!’ म्हणजे हा पळेल, लपेल, ओरडेल, सगळ्यांबरोबर असेल. पण आउट झाला तरी आउट नाही. याच्यावर राज्य नाही. कोणत्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकात न वाचता पोरांनी काढलेली ही सोय किती शहाणपणाची होती! मूल खेळाच्या आत, पण खेळाचं ओझं त्याच्यावर नाही. आणि ही सवलत किती दिवस, याची तारीख नाही. एक दिवस तोच चिडून म्हणायचा, ‘मी नाही कच्चा लिंबू. माझ्यावर पण राज्य द्या.’

यंदा पुण्यातली निम्मी प्राथमिक शाळा कच्चा लिंबू आहे असं समजा. दुसरी-तिसरीतली उंच मुलंसुद्धा. त्यांची उंची बघून आपण फसतो.

सायकॉलॉजी घेतलेल्या मैत्रिणीच्या नोट्समधली एक गोष्ट इथे कामाची आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२मध्ये खेळाचे प्रकार मांडले. एकट्यानं खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग सैलसर एकत्र खेळणं, आणि शेवटी कामं वाटून, ठरवून मिळून खेळणं. त्यांची मुलं दोन ते पाच वर्षांची होती, आपली सात-आठची आहेत. पण यातला बघत उभं राहण्याचा प्रकार मला आमच्या टाकीजवळच्या मुलात रोज दिसतो. तो वाया घालवत नाहीये ती पाच मिनिटं. नियम पाठ करतोय. त्याला धरून मधे ढकलायची घाई करू नये. त्याच्या शेजारी जाऊन बसावं आणि कोण कुठे लपलंय यावर दोघांनी कॉमेंटरी करावी. मी तसं केलं. चौथ्या दिवशी तो मला सोडून गेला.

साखळी हो, संगीत खुर्ची नको

खेळ कोणता निवडायचा याला फार महत्त्व आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

संगीत खुर्ची हा सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमातला लाडका खेळ. आणि नेमका तोच सध्या सगळ्यात वाईट. जो सगळ्यात बावरलेला तो पहिल्याच फेरीत बाहेर, आणि उरलेला वेळ कडेला उभा. ज्याला खेळण्याची सर्वात गरज त्याच्या वाट्याला सर्वात कमी खेळ! साखळी याच्या बरोबर उलट. ज्याला पकडलं तो साखळीत येतो. आउट होणं म्हणजे दोन हात मिळणं. ज्या मुलीची जिना चढून निघून जायची सवय मी सांगितली, ती साखळीतून गेली नाही, कारण दोन्हीकडून तिचे हात धरलेले होते.

हात धरायला काही मुलं तयार नसतात. दोन वर्षांची शिकवण आहे, एका संध्याकाळी कशी जाईल? मग मधे ओढणी द्या, एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे. पाच-सहा दिवसांत ओढणीची आठवण कोणाला राहत नाही. डोंगर का पाणीही चांगला, त्यात सगळे एकदमच चुकतात. लगोरी, लंगडी, खो-खो नंतर.

सुरुवात सगळ्या फौजेनं करू नका. एका मुलाला एकच जोडीदार, शक्यतो त्याच जिन्यावरचा. मग तिसरा. रोज एकच वेळ, अर्ध्या तासाच्या आत, आणि मजा चालू असतानाच ‘उद्या’ म्हणून थांबायचं. गॅलरीतल्या मंडळींना नम्र विनंती करायची की वरून सूचना देऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे. ‘अगं, ती पडेल’ असं आलंच तर हसून हात हलवायचा.

भांडणं होणार. होऊ द्यात. ‘तू चीटिंग केलीस’, ‘तो मला टच झालाच नव्हता’, ‘जा, मी नाही खेळत’ हा सगळा राहिलेला पोर्शन आहे, आणि तो कुठल्याही सेतूमध्ये नाही. ऑनलाइन वर्गात भांडण झालं की टीचर सगळ्यांना म्यूट करायच्या, विषय संपायचा. समेट करायची वेळच यायची नाही. मारामारीवर आलं तर मधे पडायचंच. तोवर मनात शंभर आकडे मोजा. बहुतेक वेळा साठच्या आत ‘टाइम प्लीज’ येतं.

फोन हिसकावू नका. दोन वर्षं तोच एक सवंगडी होता. त्यातला गेम काय आहे ते आधी त्यालाच शिकवायला सांगा. तो बॉस, आपण कच्चा लिंबू. मग तोच गेम खाली उतरून खेळता येतो का, यावर मुलं स्वतःच डोकं चालवतात. आमच्याकडे टाकीभोवतीच्या फरश्यांवर खडूनं एक पूर्ण ‘मॅप’ तयार झालाय.

खेळाबाहेरची एक गोष्ट. या मुलांनी दुकानात जाऊन काही मागितलेलंच नाही. सामान ॲपवरून यायचं, पिशवी दाराबाहेर, वर सॅनिटायझरचा फवारा. तेव्हा जाताना सोबत न्या आणि काउंटरपाशी गप्प उभे राहा. ‘काका, अर्धा किलो साखर’ हे त्यानं म्हणायचं, सुटे पैसे त्यानं मोजून घ्यायचे. पीएमपीच्या कंडक्टरकडे तिकीटही त्यालाच मागू द्या. कंडक्टर वैतागेल. चालतंय.

इथपर्यंत सगळं सोसायटीतलं झालं. वस्तीत गोष्ट वेगळी आहे. एप्रिल २०२०मध्ये पेठा सील झाल्या, भवानी पेठेचा आकडा रोज बातम्यांत असायचा, तेव्हा तिथल्या एका खोलीत सहा-सहा माणसं होती. त्या मुलांना एकटेपणा कसला? गल्लीत पोरं भरपूर होती. त्यांची तुटली ती शाळेची सवय. कोणी गावाकडे गेलं, कोणी वडलांच्या गाडीवर भाजी विकायला बसलं. त्यांना चार तास एका जागी बसायचं, कोणीतरी सांगतंय म्हणून वही काढायची, हे परत जुळवायचंय. तिथे गेलात तर खेळ त्यांच्याकडून शिका, आणि गोष्टीचं पुस्तक तुम्ही न्या. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचे असतातच ना? दर वेळी रस्ता झाडतानाचा फोटो हवा असं थोडंच आहे.

आणि दादा-ताईंनी आपली हद्दही ओळखावी. महिना-दीड महिना झाला तरी मूल घराबाहेर अजिबात बोलत नाही, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं, झोप उडालीये, आधी येणाऱ्या गोष्टी येईनाशा झाल्यात, असं दिसलं तर पालकांना सांगा आणि त्यांनी शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना गाठावं. घरात कोणी त्रास देत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. काही मुलांच्या घरातलं माणूसच या दोन वर्षांत गेलंय. ‘काय झालं होतं?’ असं विचारू नका. त्या मुलाला बाकीच्यांसारखंच खेळायला घ्या.

बरं, आपण तरी कुठे धड आहोत? माझं एसवाय पूर्ण मोबाइलवर झालं, टीवायला ऑक्टोबरमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसून एकमेकांना मेसेज करत होतो. अनोळखी माणसाला फोन लावायचा तर मी आजही आधी कागदावर वाक्यं लिहून घेते, आणि निघालेय पत्रकार व्हायला. त्यामुळे साखळीत हात धरायचा थोडासा फायदा आपल्यालाही होतो, हे मी गुपचूप सांगून टाकते.

२०२२मध्ये बुधवारी, २२ जूनला, दोन्ही पालख्या पुण्यात आल्या. त्याआधी दोन वर्षं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्या वर्षी पुन्हा पायी वारी. सात वर्षांच्या मुलाला एवढी माणसं एकत्र बघितल्याचं आठवतच नसणार. न्या त्याला. पण नाना पेठेत किंवा भवानी पेठेत मुक्कामाच्या गर्दीत नको. एफसी रोडला कडेला, मोठ्या झाडाखाली, अर्धा तास. कधी निघायचं ते त्यानं ठरवायचं. कानावर हात ठेवले तर ठेवू द्या, टाळ खरंच मोठ्यानं वाजतात.

त्यानंतर गणपती, २०२२मध्ये ३१ ऑगस्टला. अडीच महिने होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी मांडल्यात: मुलांच्या कार्यक्रमात संगीत खुर्ची नको, आणि ज्याला स्टेजवर यायचं नाही त्याला पडदा ओढायचं काम द्यायचं. पहिलीवर अजून वाद चालू आहे, कारण बक्षिसाचे डबे आधीच आणून ठेवलेत.